बोट रोखलं की 'हॅव'

मला इंग्रजीत शंभरपैकी अकरा मार्क देणाऱ्या बाईंच्याच दारात मी बावन्नाव्या वर्षी जाऊन उभी राहिले. हातात संत्र्यांची पिशवी, पायात गाडीवरचेच काळे बूट. लाज वाटली का म्हणाल, तर वाटली. पण लाजेला मी म्हटलं, तू जरा फाटकाबाहेर थांब, मला आत काम आहे.

काम असं होतं. आमची हिनोउरा रेल्वे म्हणजे दोन डब्यांची गाडी आणि समुद्राच्या कडेकडेनं बावीस स्टेशनं. मी त्या गाडीची गार्ड. तेविसाव्या वर्षी टोपी डोक्यावर चढवली ती चढवलीच. आणि डिसेंबर संपता संपता कंपनीचं पत्र आलं, की एक एप्रिलपासून गाडीवर फक्त ड्रायव्हर असेल. दरवाज्यांवर कॅमेरे बसणार, गार्ड नको. गार्ड राहणार ते फक्त नव्या पर्यटक गाडीवर, आणि तेही दोनच. गाडीत परदेशी पाहुणे येणार म्हणून त्या दोघांना इंग्रजी बोलता आलं पाहिजे. फेब्रुवारीच्या अखेरीस परीक्षा. बाकीच्यांची ऑफिसात 'सोय' करू, असं लिहिलं होतं.

माझी सोय कुठे होणार ते मला तिथल्या तिथे कळलं. मोठ्या स्टेशनच्या तळघरात हरवलेल्या वस्तूंची खोली आहे. तिथे बसून मी लोकांच्या विसरलेल्या छत्र्या राखणार. मी! सुट्टीच्या दिवशी पायाखालची जमीन हलत नाही म्हणून जिला करमत नाही, ती मी!

"अगं, छत्र्या बऱ्या. तक्रार करत नाहीत, तिकीट विसरत नाहीत," माझा नवरा म्हणाला. कानेयुकी त्याचं नाव. बाजारात आमचं माशाच्या तळलेल्या वड्यांचं दुकान आहे, ते तो बघतो.

"मग तुम्हीच जा छत्र्यांबरोबर राहायला. मी गाडीवर राहणार."

"इंग्रजी येतं का तुला?"

"येईल."

"कितीच्या गाडीनं येईल?"

असल्या माणसाशी काय बोलायचं! दुसऱ्याच दिवशी संत्री घेतली आणि ओगाताबाईंचं घर गाठलं.

ओगाताबाई आता एकोणऐंशीच्या. एकट्या राहतात, परसात मुळे लावतात, आणि मान अजून तशीच ताठ. दार उघडून त्यांनी मला खालून वर पाहिलं.

"मिझोगुचींची सुमिए," त्या म्हणाल्या. माहेरचं नाव! "अकरा मार्क."

"बाई, तुम्हाला आठवतंय?"

"नापास पुष्कळ झाले. पण अकरा पडलेली तू एकटीच. ये आत, थंडी येतेय."

रजई घातलेल्या गरम टेबलाखाली पाय घालून आम्ही समोरासमोर बसलो. मी कंपनीनं दिलेला कागद पुढे केला. त्यावर वीस घोषणा होत्या, त्यांतल्या पाच परीक्षेत येणार होत्या. बाईंनी चष्मा चढवून कागद वाचला.

"पाठ करणार होतीस?"

"कागेहिरा करतोय." कागेहिरा म्हणजे माझ्याबरोबरचा गार्ड, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. "त्यानं फोनवर वाक्यं भरून घेतलीत. अंघोळ करतानासुद्धा ऐकतो. मला म्हणाला, सुमिएताई, अर्थाच्या नादी लागू नका, पोपटासारखं म्हणून मोकळ्या व्हा."

"आणि पाहुण्यानं एक साधा प्रश्न विचारला तर? पोपट उताणा." बाईंनी कागदावर बोट आपटलं. "यातली अर्धी वाक्यं एकाच काळातली आहेत. वी हॅव अराइव्ह्ड. आय हॅव चेक्ट. हा 'हॅव'चा काळ शिकलीस तर अर्धा कागद तुझा. शिकायचंय का? का पोपट व्हायचंय?"

"शिकायचंय."

"मग रडायचं नाही."

मी रडले नाही. पण डोकं मात्र पार पिकलं माझं. आधी क्रियापदांची तिन्ही रूपं आली. टेक, टुक, टेकन. सी, सॉ, सीन. ती यादी मी दुकानातल्या बर्फाच्या कपाटावर चिकटवली, मासे काढता काढता म्हणायची, आणि गिऱ्हाइकं विचारायची की मालकीणबाईंना ताप आहे का. रूपं तरी बरी, घोकली की बसतात. पण 'हॅव' कधी लावायचं आणि कधी नाही? इथे माझी गाडी जी अडली ती अडलीच.

आमच्या जपानी भाषेत दार लावलं म्हणजे लावलं. काल लावलं, आत्ता लावलं, सगळ्याला शेपूट एकच. इंग्रजांना मात्र दोन शेपट्या हव्यात. काल लावलं तर 'आय क्लोज्ड द डोअर', आणि लावलंय, आत्ता बंद आहे, तर 'आय हॅव क्लोज्ड द डोअर'.

"जे झालं, त्याचा आत्ताशी संबंध असेल तर हॅव," बाई म्हणाल्या.

"बाई, संबंध तर सगळ्याचाच असतो. माझं लग्न अठ्ठावीस वर्षांपूर्वी झालं, त्याचा आत्ताशी संबंध रोज समोर बसून जेवतो."

"सुमिए!"

"बरं, बरं. आय हॅव ईटन फिश येस्टर्डे."

बाईंनी संत्र्याचं साल फेकून मारलं मला. खरंच मारलं! "येस्टर्डे आला की हॅव पळालं! किती वेळा सांगू? काल म्हणजे काल, ते संपलं!"

असे तीन आठवडे गेले. जानेवारी संपली. आठवड्यातून तीन वेळा मी ड्यूटी संपवून बाईंकडे जायची आणि प्रत्येक वेळी तोंड पाडून परतायची. नात्सुहा म्हणून आमच्यातली एक पोरगी, सव्वीस वर्षांची, ऑस्ट्रेलियात वर्षभर राहून आलेली, तिचं एक पद पक्कंच होतं, त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. उरलं एक. आणि कागेहिराच्या वीसच्या वीस घोषणा पाठ झाल्या होत्या. मला तळघरातल्या छत्र्या स्वप्नात दिसायला लागल्या, एवढंच सांगते.

मग आला तो बुधवार. निघायची वेळ झाली होती, मी बूट घालत होते, तेव्हा बाई आतून म्हणाल्या, "सुमिए, गॅस बंद केलास का गं? किटली तूच ठेवली होतीस."

केला होता. पण विचारलं की आपण नुसतं 'हो' म्हणत नाही, आमच्या रेल्वेत ती सवयच नाही. मी एक बूट घालून, एक पाय तसाच, लंगडत स्वयंपाकघरात गेले. गॅसच्या खटक्यावर बोट रोखलं, हात सरळ, नजर बोटाच्या टोकावर, आणि मोठ्यानं म्हटलं, "गॅस बंद, ठीक!"

बाई दचकल्या. "काय केलंस हे?"

"काही नाही बाई. गाडीवरची सवय. बोट रोखायचं, बघायचं, मोठ्यानं म्हणायचं. सिग्नल हिरवा, ठीक. दरवाजे बंद, ठीक. दिवसातून पाचशे वेळा करतो आम्ही."

"पण गॅस तू मघाशीच बंद केला होतास ना?"

"केला होता."

"मग परत कशाला आलीस? तिथूनच सांगायचं."

"असं कसं सांगणार? मघाशी केलं ते मघाशी. 'ठीक' म्हणायचं तर आत्ता डोळ्यांनी दिसलं पाहिजे. काल लावलेल्या दरवाज्यावर आजची गाडी सोडतात का?"

बाई एकदम उठल्या, एकोणऐंशीची बाई, टेबलाला गुडघा आपटला तरी उठल्या, आणि माझा दंड धरला.

"पुन्हा म्हण. काल लावलेल्या दरवाज्यावर?"

"आजची गाडी सोडत नाहीत."

"अगं मुली!" बाई ओरडल्याच. "अगं, तेच हॅव! ते काल म्हणजे क्लोज्ड. आणि हे तुझं बोट म्हणजे हॅव! तीन आठवडे मी भिंतीशी बोलत होते, आणि तुझ्या हातात ते पहिल्यापासून होतं!"

मी त्या गॅसकडे पाहिलं. माझ्या बोटाकडे पाहिलं. आणि काय सांगू तुम्हाला, डोक्यात दिवा लागला! अंगावर काटा आला माझ्या. मी पुन्हा हात सरळ केला आणि खटक्यावर बोट रोखून म्हटलं, "आय... हॅव... टर्न्ड ऑफ द गॅस!"

"ठीक!" बाई ओरडल्या.

मग आम्ही दोघींनी ते घर डोक्यावर घेतलं. खिडकी! आय हॅव क्लोज्ड द विंडो! दिवा! आय हॅव टर्न्ड ऑफ द लाइट! कपाट, नळ, मांजराची वाटी, आय हॅव वॉश्ड द बोल! एका पायात बूट, एक पाय मोज्यात, मी बोट रोखत पुढे आणि बाई टाळ्या वाजवत मागे. शेजारच्या घरातून कुणीतरी विचारलं, "ओगाताबाई, सगळं ठीक आहे ना?" तर बाई खिडकीतून म्हणाल्या, "ठीक नाही, उत्तम आहे!"

त्या दिवसानंतर मला कुणी आवरू शकलं नाही. गाडीवर तोंडातल्या तोंडात आणि घरी घसा फाडून. तांदूळ धुतले, बोट, आय हॅव वॉश्ड द राइस. पत्र टाकलं, बोट, आय हॅव सेंट द लेटर. आणि काल काय केलं ते सांगायचं झालं की बोट आपोआप खाली यायचं, कारण कालवर रोखणार कुठे? हॅव गेलं, नुसतं सेंट. आपलं आपल्याला कळत होतं! शाळेत हे कुणी असं सांगितलं असतं तर माझे अकराचे निदान चाळीस झाले असते.

नवऱ्यालाही लागण झाली. एकदा दुकानात गेले तर हा कढईपुढे उभा राहून बोट रोखतोय, "आय हॅव फ्राइड द फिश!"

मी कढईत डोकावले. "कुठे तळलेत? तेल तरी तापलंय का?"

"अगं, सराव."

"सराव नाही, खोटं आहे ते! न बघता म्हणायचं नाही!"

"बाप रे," तो गिऱ्हाइकाला म्हणाला, "इंग्रजी शिकायला गेली आणि इन्स्पेक्टर होऊन आली."

परीक्षेच्या आदल्या दिवशी बाई म्हणाल्या, या काळाचा आणखी एक उपयोग राहिलाय, तो पुढच्या आठवड्यात घेऊ, उद्या डोक्यात गोंधळ नको. मी बरं म्हटलं.

परीक्षा डेपोत होती, नव्या गाडीतच. आहाहा, काय गाडी! तीन डबे, खिडक्या भिंतीएवढ्या, लाकडाचा वास अजून जिवंत. मी चढले आणि तळव्यांनी तिची जमीन चाचपून पाहिली. म्हटलं, बाई गं, मला घे.

आम्ही पाच जण. एकेकाला मधल्या डब्यात बोलावत होते. मी शेवटची. कागेहिरा बाहेर आला तो घामानं चिंब, पण हसत. "पाचही म्हटली ताई, एका दमात. अडखळलो नाही. तुम्हीही नुसतं म्हणून टाका, आठच मिनिटं देतात."

आत दोघं बसले होते. एक आमचे उदागावासाहेब, कपड्यांची इस्त्री मोडू न देता बसणारे. दुसऱ्या हेदर मॅडम, शहरातल्या कॉलेजात शिकवणाऱ्या, इंग्लंडच्या. मी वाकून नमस्कार केला, सासरचं नाव सांगितलं, हिवातारी सुमिए. साहेबांनी घड्याळाकडे बघून सांगितलं, "कार्डवरची घोषणा वाचा. गाडी सुटायच्या बेतात आहे असं समजा. आठ मिनिटं."

पहिलं कार्ड उचललं. आय हॅव चेक्ट ऑल द डोअर्स. वी आर रेडी टू लीव्ह. मी सगळे दरवाजे तपासलेत, आपण निघायला तयार आहोत. सोपं! शंभरदा म्हटलेलं! मी श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि माझा उजवा हात वर गेला.

रोखणार कशावर?

मी मधल्या डब्यात, पुढे दोन माणसं, बाकी नुसत्या काचा. दरवाजे पुढच्या आणि मागच्या डब्यात. मी ते पाहिलेच नव्हते. चढताना एका दारानं चढले, सरळ आत आले. माझं बोट हवेत, आणि तोंडातून शब्द फुटेना. मला वाटलं, म्हणून टाक सुमिए, परीक्षा आहे, म्हणून टाक ना! खरं सांगते, मी प्रयत्न केला. 'आय हॅव' एवढं बाहेर आलं, आणि पुढे कुलूप.

"वाचा, हिवातारीबाई," साहेब म्हणाले.

"साहेब, मी दरवाजे पाहिले नाहीत."

"ही परीक्षा आहे. गाडी कुठेही जात नाहीये."

"तुम्हीच म्हणालात ना, सुटायच्या बेतात आहे समजा?"

"अहो, समजा म्हणजे... दीड मिनिट गेलं तुमचं!"

आता छत्र्याच छत्र्या, दुसरं काय. आणि मग माझ्या तोंडून, कुठल्या कार्डावर नव्हतं ते वाक्य निघालं. हेदर मॅडमकडे बघून मी म्हटलं, "आय हॅव नॉट चेक्ट द डोअर्स. प्लीज वेट." आणि पळत सुटले!

आयुष्यात पहिल्यांदा माझं स्वतःचं इंग्रजी वाक्य, आणि ते म्हणून मी पळतेय! मागून साहेबांचा आवाज आला, "हिवातारीबाई!" पण मी पुढच्या डब्यात पोचले होते. डावा दरवाजा, बोट, ठीक. उजवा, ठीक. उलटी पळाले, त्या दोघांच्या मधून, "सॉरी!", मग मागचा डबा. डावा, ठीक. उजवा...

उजवा दरवाजा सताड उघडा. दारात डेपोतली सफाईवाली सोदेको बसलेली, पाय बाहेर सोडून, मांडीवर डबा, तोंडात भाताचा गोळा.

"सोदेकोताई! कधीपासून बसलाय इथे?"

"सकाळपासून. ऊन छान येतं इथे. का गं, काय झालं?"

"आत या, दार लावायचंय."

"तुमची परीक्षा ना आत? मघाचे चौघं तर काही म्हणाले नाहीत."

चौघं! चार माणसांनी सकाळपासून खणखणीत इंग्रजीत सांगितलं होतं, की सगळे दरवाजे तपासलेत. आणि चौघांच्याही वेळी हे दार उघडं, त्यात सोदेकोताई जेवत होती! मला हसू आलं, पण ते लगेच थांबलं. कारण दोन मिनिटांपूर्वी मीही तेच म्हणून टाकणार होते.

सोदेकोताईला डब्यासकट आत घेतलं, दार सरकवलं, कडी बसली का पाहिलं, हात सरळ केला, ठीक. आणि धापा टाकत परत मधल्या डब्यात. टोपी वाकडी, केस सुटलेले. दोघांसमोर उभी राहिले आणि मागच्या डब्याच्या दिशेनं बोट रोखून म्हटलं, "आय हॅव चेक्ट ऑल द डोअर्स! वी आर रेडी टू लीव्ह!"

हेदर मॅडमनी विचारलं, सावकाश, मला कळेल असं, की काय झालं होतं. मी सांगितलं. वन डोअर वॉज ओपन. अ वुमन वॉज ईटिंग राइस. आय क्लोज्ड द डोअर. बोट खाली, कारण ते झालं होतं. मॅडमनी साहेबांकडे पाहिलं. साहेबांचा चेहरा पडला होता. ते पूर्वी ड्रायव्हर होते, वीसेक वर्षं, टेबलाशी नंतर आले. ते उठले, मागच्या डब्यात गेले, आणि तिकडून त्यांचा आवाज आला, ड्रायव्हरच्या वेळचा, खडा: "मागचा उजवा, बंद, ठीक!"

परत येऊन बसले तेव्हा घड्याळाकडे पाहून म्हणाले, "आठ मिनिटं झाली. बाकीची चार कार्डं राहिली तुमची."

"हो साहेब."

पाचातलं एक. इथेही अकरा मार्कांचीच लायकी माझी, असं वाटलं.

तेवढ्यात हेदर मॅडमनी हात वर करून साहेबांकडून एक मिनिट मागितलं आणि मला विचारलं, या रेल्वेत किती वर्षं काम? म्हणजे विचारलं इंग्रजीतच, पण 'हाऊ लाँग' आणि 'वर्क' एवढं माझ्या हाती लागलं.

हे बाईंनी शिकवलंच नव्हतं. मी जागच्या जागी विचार करायला लागले. एकोणतीस वर्षं. आय वर्क्ड? पण वर्क्ड म्हणजे काल, संपलं, पळालं. संपलंय का माझं? अजून नाही! एप्रिल यायचाय अजून, आणि आत्ता, या क्षणी, मी गाडीत उभी आहे. मग माझा हात वर आला आणि मी बोट रोखलं, सरळ खाली, माझ्या बुटांखालच्या जमिनीवर.

"आय हॅव वर्क्ड हिअर," मी म्हटलं, "फॉर ट्वेंटी-नाइन इयर्स."

आणि मला रडू आलं. दोन परीक्षकांसमोर, भर दिवसा, ढसाढसा. बाईंना दिलेला शब्द तिथे मोडला.

संध्याकाळी चार वाजता फळ्यावर कागद लागला. कागेहिरा आधीच तिथे उभा होता. नात्सुहाचं नाव. आणि त्याखाली, मी तीनदा वाचलं, बोट ठेवून वाचलं, माझं नाव! मी किंचाळले असेन, कारण तिकीटखिडकीतली माणसं बाहेर आली. नात्सुहानं मला मिठी मारली. कागेहिरानं मान वाकवली आणि हळूच विचारलं, "ताई, माझ्या वेळीही उघडं होतं का ते?"

"होतं," मी म्हटलं.

तो म्हणाला, "मी पाहायला हवं होतं." मला त्याचं वाईट वाटलं. मी त्याला घरी जेवायला बोलावलं.

पण आधी बाईंकडे पळाले. दारातूनच ओरडले, "बाई, पास! गाडी मिळाली!"

"ओरडू नकोस, कान आहेत मला," बाई म्हणाल्या, पण हाताला धरून मला आत ओढलं त्यांनी. "बस. सगळं सांग. एक शब्द गाळायचा नाही."

मी सगळं सांगितलं. सोदेकोताईच्या भाताच्या गोळ्यावर बाई इतक्या हसल्या की चष्मा काढावा लागला. मग मी शेवटचा प्रश्न सांगितला, आणि माझं उत्तर.

बाईंचं हसू थांबलं. "पुन्हा म्हण."

"आय हॅव वर्क्ड हिअर फॉर ट्वेंटी-नाइन इयर्स. चुकलं का बाई?"

"हे मी तुला शिकवलं होतं?"

"नाही. पुढच्या आठवड्यात घेऊ म्हणालात."

"मग 'फॉर' कुठून आणलास?"

"कागदावर होतं ना. गाडी दहा मिनिटं थांबेल, फॉर टेन मिनिट्स. मिनिटांना चालतं तर वर्षांना का नाही चालणार, म्हटलं."

बाईंनी हातातला चष्मा टेबलावर ठेवला. "चाळीस वर्षं मी हे वाक्य फळ्यावर लिहून दिलं," त्या म्हणाल्या. "मुलांनी वहीत उतरवून घेतलं. न शिकवता कुणी माझ्यासमोर ते स्वतः बनवून आणलेलं, सुमिए, मी आज पहिल्यांदा बघतेय."

मी संत्रं सोलून अर्धं त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी एक फोड तोंडात घातली, डोळे पुसले, आणि मग वही ओढून तारीख घातली.

"सोमवारी ये," त्या म्हणाल्या. "भविष्यकाळ बाकी आहे."